दातावरची खाच

मी एक जुना सांगाडा आहे. मित्रांनो, पळू नका! पळून तरी काय होणार? माझ्यासारखा एक जण तुमच्या आतही आहे, आणि तो तुमच्याबरोबरच पळणार. फरक एवढाच, की तुमचा झाकलेला आहे आणि माझं सगळं उघड्यावर. त्यामुळे मला काही लपवायचं म्हटलं तरी लपवता येत नाही. जे घडलं ते जसंच्या तसं सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी खराखुरा सांगाडा आहे, प्लॅस्टिकचा नाही. पूर्वी हे मी फार ऐटीत मिरवायचो. खरा असणं म्हणजे नक्की काय, ते मात्र मला फार उशिरा कळलं.

माझा जन्म कधी झाला असं कोणी विचारलं की माझी पंचाईत होते. हाडांचा जन्म वेगळा आणि सांगाड्याचा वेगळा. ही हाडं आधी कोणाची तरी होती. त्या आयुष्यातलं मला काहीही आठवत नाही. आठवणी म्हणे कवटीच्या आत राहतात, आणि माझ्या कवटीत आता फक्त वारा ये-जा करतो. सांगाडा म्हणून मी जन्मलो ते एका लांबट, चुन्याचा वास येणाऱ्या खोलीत. एक कारागीर मान खाली घालून काम करत होता. धुऊन, वाळवून पांढरी केलेली हाडं त्याच्यासमोर मांडलेली. तो बारीक भोकं पाडायचा, त्यांतून पितळेची तार ओवायचा, तारेला पीळ द्यायचा. जबडा उघडझाप व्हावा म्हणून त्याने दोन्ही बाजूंना स्प्रिंगा लावल्या. शेवटी माथ्यावर एक हूक बसवला, मला उचलून लोखंडी दांड्याला अडकवलं आणि हात झटकत म्हणाला, "चला, हा झाला तयार!"

मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य.

मग पेंढ्याने भरलेली पेटी, खूप हादरे, आणि एक दिवस वरची फळी निघाली तर समोर एक तरुण चेहरा! डोळे असे चमकत होते, जणू वाढदिवसाची भेटच उघडली होती. ते या शाळेचे जीवशास्त्राचे सर. त्यांच्या खिशात कायम एक भिंग असायचं, म्हणून मुलं त्यांना भिंगसर म्हणायची. सरांनी मला प्रयोगशाळेत खिडकीजवळ उभं केलं आणि दोन पावलं मागे जाऊन नुसते बघत राहिले.

"सर, हा चावतो का?" दारातून एका पोराने विचारलं.

"तुझ्यापेक्षा कमीच," सर म्हणाले.

माझे कामाचे दिवस सुरू झाले आणि काय सांगू मित्रांनो, काय दिवस होते ते! सरांनी माझ्या प्रत्येक हाडावर काळ्या शाईने बारीक आकडे घातले. छडीच्या टोकाने ते एकेक आकडा दाखवायचे आणि वर्ग एका सुरात नावं म्हणायचा. मुलं आधी घाबरायची, मग हळूच माझ्या बोटांना बोट लावून बघायची, आणि आठवड्याभरात मी त्यांच्या घरातलाच होऊन जायचो. माझं नाव पडलं हाडक्यामामा. सुट्टी झाली की "येतो हं मामा!" आणि परीक्षेच्या दिवशी "मामा, लक्ष असू दे रे बाबा!" मी लक्ष ठेवायचो. दुसरं काय करणार, पापण्याच नाहीत.

कित्येक वर्षांनी एक गृहस्थ सरांना भेटायला आले. हाडांचे मोठे डॉक्टर झाले होते. त्यांनी बूट पुसून आत पाऊल टाकलं, सरांच्या पाया पडले, मग माझ्यासमोर येऊन माझा हात हातात घेतला. "सर, हा माझा पहिला पेशंट," ते म्हणाले. भिंगसर खिडकीकडे वळले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. त्या दिवशी माझ्या सगळ्या तारा ताठ झाल्या होत्या, खोटं नाही सांगत.

पण त्या शाळेत एक विचित्र गोष्ट होती. तुमच्याही शाळेत असेल. दहावी झाली की मुलांचे दोन कळप व्हायचे. एक कळप कॉरिडॉरच्या आमच्या टोकाला, विज्ञानाकडे. दुसरा पार त्या टोकाला, जिथे नकाशे आणि पुस्तकांची कपाटं होती. आमच्याकडे आलेल्यांचे आईवडील ताठ मानेने चालायचे. तिकडे गेलेल्यांना मावश्या-आत्या विचारायच्या, "का गं, मार्क कमी पडले का?" मधल्या सुट्टीत चिडवाचिडवी ठरलेली.

"तुमचं काय बाबा, गोष्टी सांगायच्या आणि पास व्हायचं!"

"आणि तुमचं काय? बेडूक कापायचा आणि डोळे गच्च मिटून घ्यायचे!"

मोठी माणसंही काही कमी नव्हती. इतिहासाच्या बाईंना मुलं सनावळीबाई म्हणायची. त्या आणि भिंगसर रोज प्रयोगशाळेच्या दाराशी उभे राहून चहा प्यायचे, कारण वारा तिथेच यायचा. एकदा सर हसत म्हणाले, "बाई, तुमच्या विषयात एक उणीव आहे बघा. प्रयोग नाहीत."

"आहेत की," बाईंनी कपात फुंकर मारली. "तुम्ही लोक जे शोध लावता, त्यांचे प्रयोग आमच्या पुस्तकात येतात. आम्ही त्यांना युद्ध म्हणतो."

"आणि लस? ती कोणाच्या पुस्तकात येते?"

"ती येते हो. पण ती टोचून घ्यायला माणसं तयार कशी झाली, ते तुमच्या पुस्तकात येत नाही."

चहा संपला की सर आत, बाई त्या टोकाला. इतक्या वर्षांत सरांनी कधी बाईंच्या वर्गात पाऊल टाकलं नाही. बाईही माझ्या खोलीत कधी आल्या नाहीत. "मला नाही बघवत तो सापळा," असं म्हणायच्या आणि दारातूनच परत फिरायच्या.

दिवस बदलले. प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक भला मोठा पडदा आला. त्यात एक सांगाडा होता, चकचकीत, निळसर. बोट फिरवलं की तो गरागरा फिरायचा, त्याची बरगडी बोटाने उचलून बाजूला ठेवता यायची आणि तो काही बोलायचा नाही. मुलं आ वासून बघत राहिली. मीही आ वासलेलाच होतो, पण माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. मला उचलून जिन्याखालच्या कोपऱ्यात ठेवलं. वर्षातून एकदा, दहावीच्या तोंडी परीक्षेपुरतं, सर मला वर न्यायचे. तिथे मी काय काय झालो! टोपी अडकवायची खुंटी झालो. गॉगल लावून फोटो काढायची वस्तू झालो. एका स्नेहसंमेलनात मी भूत होतो, तेही संवाद नसलेलं. ओल लागून तारांवर हिरवट थर चढला. पावसाळ्यात सनावळीबाई येता-जाता माझ्या वाकलेल्या कोपरात आपली ओली छत्री अडकवून जायच्या. आता बघवत नाही असं त्या म्हणत नव्हत्या. आता त्यांना मी दिसतच नव्हतो.

आणि मग एका सकाळी मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे, जिन्याखाली आल्या. त्यांच्या हातात चिकटचिठ्ठ्या होत्या. मोडक्या खुर्चीवर एक चिठ्ठी. फुटक्या पृथ्वीच्या गोळ्यावर एक. माझ्या बरगडीवर एक. तिच्यावर लिहिलं होतं, 'भंगार'. शनिवारी गाडी येणार होती.

भिंगसरांना कळलं तेव्हा ते जिना उतरत धावतच आले. चिठ्ठी वाचली, पण काढली नाही. शिस्तीचा माणूस! तसेच वळले आणि तडक कॉरिडॉरच्या त्या टोकाला गेले, आयुष्यात पहिल्यांदा. परत आले तेव्हा सनावळीबाई त्यांच्याबरोबर होत्या. बाईंच्या मागे त्यांच्या वर्गातून तक्ते घेऊन निघालेली अकरावीची एक मुलगी होती. ती सारखे प्रश्न विचारायची, म्हणून तिला सगळे शंकासुर म्हणायचे. दहावीपर्यंत ती सरांच्या हाताखाली शिकली होती, आता बाईंकडे होती.

"बाई, तुमची भाषा चांगली आहे," सर म्हणाले. "मोठ्या बाईंना एक अर्ज लिहून द्या. असा, की वाचून त्यांना पाझर फुटला पाहिजे. मुद्दे मी सांगतो, तुम्ही फक्त सजवा."

"सजवा?" बाईंनी भुवया वर केल्या. "मी काय केकवाली आहे?" पण सरांचा चेहरा बघून त्यांनी पायरीवर बसकण मारली आणि पेन काढलं. "सांगा. कोण आहे हा?"

"कोण म्हणजे? सांगाडा आहे."

"ते दिसतंय हो मला. अर्जात पहिलं वाक्य काय लिहू? हा कोण, कुठला?"

"बाई, त्याचा काय संबंध? मुलांना शिकायला उपयोगी आहे, एवढं लिहा."

तेवढ्यात शंकासुर म्हणाली, "सर, पण हा 'हा' कुठे आहे? ही बाई आहे ना?"

दोघांनीही तिच्याकडे वळून बघितलं.

"दहावीच्या तोंडी परीक्षेत तुम्हीच विचारलं होतंत. सांगाडा स्त्रीचा की पुरुषाचा, कारणं द्या. मी म्हटलं, कमरेचं हाड रुंद आहे, खालचा कोन मोठा आहे, म्हणजे स्त्रीचा. तुम्ही पूर्ण मार्क दिलेत. सगळ्यांनाच दिलेत."

"बरोबर आहे," सर म्हणाले.

"मग आपण सगळे मामा का म्हणतो?"

मित्रांनो, खरंच होतं ते. दर वर्षी मुलं बरोबर उत्तर सांगायची, पैकीच्या पैकी मार्क घ्यायची, आणि बाहेर पडताना "येतो हं मामा!" म्हणून ओरडायची. सरही हसून मान हलवायचे. उत्तर सगळ्यांना येत होतं. पण ते कोणाबद्दल होतं, हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

बाई उठल्या. माझ्या कोपरात अडकवलेली स्वतःची छत्री त्यांनी काढून घेतली आणि ती कुठे ठेवावी हे न कळल्यासारख्या नुसत्या उभ्या राहिल्या. "सामान्य माणसांचा इतिहास," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "वर्षभर घसा फोडून शिकवते मी. आणि इथे..." मग सरांना म्हणाल्या, "अजून काय सांगतात हो ही हाडं?"

सरांनी भिंग काढलं. मला वाटतं, त्यांनी माझ्याकडे असं त्या दिवशी पहिल्यांदाच बघितलं. "वय चाळिशीच्या पुढे असावं. मानेचे मणके झिजलेत. मान पुढे वाकवून बराच काळ बसत असणार. आणि हे, पुढच्या दातावर, ही एक खाच आहे. दाताच्या आवरणाची झीज. झिजेचं उदाहरण म्हणून दर वर्षी दाखवतो मी."

"कशाने झिजलाय?"

"काहीतरी वारंवार घासल्याने."

"काय?"

सरांनी भिंग बाईंपुढे धरलं. बाईंनी वाकून दात बघितला आणि हळूच म्हणाल्या, "पूर्वीच्या शिवणकाम करणाऱ्या बायकांबद्दल वाचलंय मी. दोरा दातात धरायचा, दातानेच तोडायचा. वर्षानुवर्षं."

शंकासुरच्या बाहीचा एक दोरा लोंबत होता. तिने तो ओढून तोडला, दोन्ही टोकं धरून ताणला आणि अलगद माझ्या दातावर टेकवला. दोरा खाचेत जाऊन बसला. जसा काही तिथलाच.

सरांनी भिंग खिशात ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. मला तर काय वाटलं हे शब्दांत सांगता येणार नाही. इतकी वर्षं मी स्वतःला वस्तू समजत होतो, चांगली वस्तू, उपयोगी वस्तू. आणि माझ्याच तोंडात कोणाचं तरी अख्खं आयुष्य, दिवसामागून दिवस, कोरलेलं होतं.

"आता लिहा अर्ज," सर म्हणाले. "आता तर नक्कीच भंगारात जाऊ देणार नाही. काचेचं कपाट करून घेऊ."

"भंगारात नाहीच," बाई म्हणाल्या. "पण कपाटातही नाही, सर. हिला आता मातीत विसावू द्या."

मग जुंपली. अहो, काय जुंपली! सर म्हणाले, मुलांनी काय त्या पडद्यावरच्या निळ्या भुतावर शिकायचं? खऱ्या हाडाचं वजन, त्याचा खडबडीतपणा त्यांना कुठून कळणार? बाई म्हणाल्या, काही माणसं आपला देह मरणानंतर शिकणाऱ्यांसाठी आपणहून देतात, तसं लिहून ठेवतात, त्यांना माझा नमस्कार. "पण हिला कोणी विचारलं होतं का? आपल्याला माहीत आहे?"

"नाही माहीत," सर म्हणाले. "पण इथून शिकून जी पोरं डॉक्टर झाली, ज्यांनी हजारो लोकांची हाडं जोडली, ती चुकली का?"

"नाही चुकली."

"मग मी चुकलो?" सरांनी विचारलं. "मी हिला पोटच्या पोरीसारखं जपलंय, बाई. दर दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मऊ कपड्याने पुसायचो. या शाळेत माझं म्हणून काही असेल तर हे आहे. हे गेलं तर माझ्या खोलीत पडदा आणि रिमोट उरतो!"

बाईंनी हातातल्या छत्रीकडे बघितलं. नंतर म्हणाल्या, "तुम्ही निदान पुसत होता. मी छत्री अडकवत होते."

त्या गेल्या. शंकासुरही गेली. सर मात्र शाळा सुटेपर्यंत पायरीवर माझ्या शेजारी बसून राहिले. मधूनच माझ्या मनगटाला हात लावायचे आणि काढून घ्यायचे. जाताना म्हणाले, "तू काय म्हणतेस?" मग स्वतःच ओशाळून हसले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाईंना म्हणाले, "एक शेवटचा तास मला घेऊ द्या. दोन्हीकडची मुलं एकत्र. तुम्हीही या. मग तुम्ही म्हणता तसं."

अर्ज दोघांनी मिळून लिहिला. सरांना पाल्हाळ नको होता आणि बाईंना कोरडेपणा नको होता, त्यामुळे खाडाखोडच जास्त झाली. मोठ्या बाई आधी म्हणाल्या, "शाळेने असलं काही करायचं? लोक काय म्हणतील?" मग स्वतः जिन्याखाली आल्या, भिंगातून दात बघितला, आणि माझ्या बरगडीवरची चिठ्ठी काढून मुठीत चुरगाळली. पुढच्या परवानग्या त्यांनीच आणल्या.

तो शेवटचा तास मी विसरणार नाही. मुलं भिंतीला टेकून, खिडकीत बसून, एकमेकांच्या मांडीवर रेलून ऐकत होती. सरांनी छडी आणली नव्हती. हाताच्या बोटांनी दाखवत होते. बाई मधेमधे विचारत होत्या. मानेवर इतका भार, म्हणजे उजेड कुठून येत असेल? खिडकीशी बसत असेल का?

मागून एकाने विचारलं, "सर, तिला मुलं होती का?"

"हाडं ते खात्रीने सांगत नाहीत," सर म्हणाले. "आणि जे खात्रीने कळत नाही, ते मी सांगणार नाही."

"पण विचारलंस ते बरं केलंस," बाई म्हणाल्या. "उत्तर मिळालं नाही म्हणून प्रश्न फुकट जात नाही."

त्या दोन वाक्यांत मला दोघांचे विषय कळले, मित्रांनो. इतकी वर्षं दाराशी चहा पिऊन त्यांना जे एकमेकांना सांगता आलं नव्हतं, ते त्या तासात आपोआप बोललं गेलं.

मग सरांनी पक्कड घेतली आणि एकेक तार सोडवली. जी हाडं कशी जोडलेली असतात हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं, ती सोडवायलाही तेच हवे होते. मुलांनी कापसाच्या बोळ्यांनी शाईचे आकडे पुसले. विज्ञानवाल्यांनी की तिकडच्यांनी, आता ते ओळखू येत नव्हतं. सगळ्यांचीच बोटं काळी झाली होती. लाकडी पेटीत पांढरी चादर घातली आणि सरांनी मला तिच्यावर मांडायला घेतलं, मणक्यापाठोपाठ मणका. हाताची बारीक हाडं त्यांनी शंकासुरच्या ओंजळीत दिली.

"सावकाश. ते अंगठ्याचं, इकडे. हां, असं."

पेटी जिथे पुरायची तिथल्या दगडावर काय लिहायचं यावरून शेवटची भांडाभांडी झाली. एकाला वय हवं होतं, एकीला कविता. बराच कल्ला झाल्यावर हे ठरलं: 'इथे एक बाई आहे. ती शिवणकाम करायची. तिच्याकडून आम्ही शिकलो. तिचं नाव आम्हाला माहीत नाही.'

मित्रांनो, आता मी या पेटीत आहे, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आडवा आहे. तारा नाहीत, हूक नाही. जाण्याआधी तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्यातले काही जण उद्या मोजणारे व्हाल, काही जण लिहिणारे. मोजणाऱ्यांनो, जे मोजाल ते कोणाचं आहे हे विचारत जा. लिहिणाऱ्यांनो, ज्यांच्याबद्दल लिहाल त्यांच्याकडे जवळ जाऊन, भिंग लावून बघत जा, लांबून कळवळू नका. आणि एकमेकांच्या खोलीत जात जा रे. कॉरिडॉर काही फार लांब नसतो.

मुलं पेटीभोवती उभी आहेत. भिंगसरांच्या हातात झाकण आहे.

"लावू?" त्यांनी बाईंना विचारलं.

"मला काय विचारता?" बाई हळूच म्हणाल्या.

सर थांबले. मग गुडघे टेकून खाली बसले, पेटीवर वाकले, आणि वर्गात कधीच नसायचा अशा हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "ताई, लावू का?"

उत्तर येणार नव्हतं. सगळ्यांनाच ते माहीत होतं. तरी सर वाट बघत राहिले, आणि त्यांच्याबरोबर सगळा वर्ग थांबून राहिला.